अठरा तारखेचं टिंब

कांदा-बटाटा मार्केटातल्या आडत्याने दिलेलं कॅलेंडर
दरवर्षी फ्रिजशेजारच्या खिळ्याला लागतं.
वर लक्ष्मी, खाली गाळा नंबर आणि दोन मोबाईल,
मधल्या चौकटी माझ्या.

फुली म्हणजे दूध आलं नाही.
गोल म्हणजे पाणी फक्त सकाळचं.
ग म्हणजे गॅस नोंदवला, गं म्हणजे आला.
अ.गो. म्हणजे अक्कांच्या गोळ्या संपत आल्या.
दिगूच्या शाळेचं सगळं लाल पेनाने,
नाहीतर रात्री साडेदहाला मी
चार रंगांचे घोटीव कागद आणि पोस्टमनचं चित्र शोधत
कोपरखैरण्याच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखाली
वाकून विचारत असते, दादा, आहे का हो?

ही लिपी घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.
हे रात्री दोनला गाड्या खाली करायला जातात,
परत येतात तेव्हा शर्टाला कांद्याची सालं,
डोळ्यांवर झोप,
आणि विचारतात, आज वार काय?

दिवसभर मी लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवते.
जांभळं टोपण, पिवळं टोपण,
उपाशीपोटी, जेवल्यावर दोन तासांनी.
बारा वर्षांत एक नळी चुकली नाही.
मॅडम म्हणतात, जयमाला, तुझं डोकं म्हणजे कपाट आहे कपाट.
कपाट उघडल्यावर अंगावर काय काय पडतं
ते त्यांना काय माहीत.

परवा माळ्यावरून मागचं वर्ष काढलं,
गॅसची रबरी नळी कधी बदलली ते बघायला.
सापडलं. नऊ मार्च.
मग उगाच पुढची पानं चाळत गेले,
तर नोव्हेंबरात, अठराच्या चौकटीत
एक टिंब.
निळ्या पेनाचं. दाबून, गोल फिरवून काढलेलं.

हप्ता? तो पाच तारखेला.
पाळी? ती मी पेन्सिलीने लिहिते, कोपऱ्यात, पुसट.
भिशी? भिशीला भि.

दिगू म्हणाला, पेन चालतो का बघितलं असशील.
स्वरांगी आठवीत आहे, तिचं सगळं व्याकरणातून.
म्हणाली, अनुस्वार असेल,
खालचं अक्षर लिहायचं राहिलं.
ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, पान उलटं केलं,
मागे हमालीचा जुना हिशोब सापडला
आणि त्यातच रमले.
अक्का म्हणाल्या, तुझ्या आईचा फोन आला असंल त्या दिशी.

आईला जाऊन चार वर्षं झाली.
कुणी काही बोललं नाही.
कुकरची एक शिट्टी झाली.
अक्काच म्हणाल्या, हां. मग नसंल.

भाकऱ्या थापताना आठवून बघितलं.
रिक्षाच्या रांगेत बघितलं.
रक्त घेताना एका म्हाताऱ्याची शीर सापडेना,
तो म्हणाला, सावकाश बघ बाय, कुठं जायचंय मला,
तेव्हाही एकदा बघितलं.
खाडीकडच्या बागेत बसले होते का मी, एकटीच?
की कुणी काही बोललं होतं, चांगलं?
की नुसती दुपार होती, सगळे डबे धुऊन पालथे,
आणि कुणीच हाक मारत नव्हतं?
लिहिण्याइतकं नसेल काही.
पण पेन तर उचललाच होता मी.
खिळ्यापर्यंत गेले होते.

नाव नसलेली नळी आम्ही टाकून देतो.
नियम आहे. मॅडमना विचारायचंही नाही.

मार्चचं पान रद्दीत गेलं. बाकीचीही गेली.
नोव्हेंबर मी तांदळाच्या डब्याखाली अंथरला,
टिंबाची बाजू वर.
डबा उचलला की दिसतं.
ठेवला की नाही.

उद्यापासून तीन फुल्या.
दूधवाला गावी चाललाय.